सायटेशन आणि एच-इंडेक्स म्हणजे काय? संशोधकाचं मोठेपण त्यावरून कळतं का?

‘अमुक डॉक्टरांचे इतके शोधनिबंध, एच-इंडेक्स इतका’ अशा पोस्ट सोशल मीडियावर नेहमी दिसतात. हे आकडे कुठून येतात आणि त्यातून काय कळतं, हे गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संशोधनावरून समजून घेता येतं.

सायटेशन म्हणजे काय?

एका शोधनिबंधात दुसऱ्या शोधनिबंधाचा संदर्भ दिला, की त्या दुसऱ्याच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ही मोजदाद ठेवतात. गूगल स्कॉलर पुस्तकं आणि प्रबंधही धरतं, त्यामुळे तिथला आकडा सहसा मोठा असतो.

एच-इंडेक्स कसा काढतात?

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये ही पद्धत मांडली. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ सायटेशन आहेत. यातल्या चार निबंधांना किमान चार सायटेशन आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४. मात्र तीनच निबंध लिहिणाऱ्याचा एच-इंडेक्स ३ च्या वर जाऊच शकत नाही, मग प्रत्येकाला हजार सायटेशन का असेनात.

गडचिरोलीचे तीन निबंध

बंग दाम्पत्याने १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. त्यांचे बरेच शोधनिबंध आहेत, पण ‘द लॅन्सेट’मधले तीन विशेष गाजले.

- १९८९: दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.
- १९९०: गावातच न्यूमोनियावर उपचार दिले, तर बालमृत्यू कमी होतात हे दाखवलं.
- १९९९: ३९ गावांत प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ महिलांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी, ही सेवा नसलेल्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

वरचं गणित फक्त या तिघांना लावलं, तर एच-इंडेक्स येईल ३.

सायटेशनमध्ये न मोजलेला परिणाम

गडचिरोलीनंतर बांगलादेशातल्या सिल्हेटमध्येही घरभेटींचा उपयोग दिसला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने ‘गृहआधारित नवजात बालक काळजी’ कार्यक्रम आशांकडे सोपवला.

आज यवतमाळ जिल्ह्यात वणी किंवा पांढरकवड्याकडच्या गावात दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. बाळंतपण घरी झालं असेल, तर पहिल्या दिवशीची आणखी एक भेट. बाळाचं वजन, ताप, श्वास आणि अंगावर पिणं ती पाहते. या भेटींची नोंद तिच्याकडे राहते, सायटेशनच्या आकड्यात येत नाही.

जास्त सायटेशन म्हणजे चांगलं संशोधन?

नेहमीच नाही. गोवर, गालगुंड, रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंधही ‘लॅन्सेट’मध्येच १९९८ मध्ये आला. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्यालाही शेकडो सायटेशन आहेत आणि त्यातली बहुतेक त्याचं खंडन करणारी. गणकयंत्राला टीका आणि कौतुक यातला फरक कळत नाही.

शिवाय विषयानुसार आकडे बदलतात. कर्करोगावर जगभर हजारो लोक लिहितात, तर विंचूदंशासारख्या विषयावर मोजके. त्यामुळे दोन वेगळ्या विषयांतल्या संशोधकांचे एच-इंडेक्स समोरासमोर ठेवण्यात अर्थ नसतो.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी काय पाहावं?

- पबमेडवर नाव शोधावं, ते मोफत आहे. एकाच नावाचे अनेक संशोधक असतात, म्हणून संस्थेचं नावही जुळवावं.
- निबंध मागे घेतला गेला आहे का, ते पाहावं. पबमेडवर तशी ठळक सूचना असते.
- आकडा कोणत्या यादीतला आणि कोणत्या वर्षीचा, ते तपासावं.
- त्या संशोधनामुळे उपचार, औषध किंवा सरकारी धोरण बदललं का, हेही शोधावं.