क्ष-किरणांनी लावलेला क्रम

सूक्ष्मविश्लेषणाच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक छापील तक्ता टांगलेला आढळतो. त्याच्या प्रत्येक चौकोनात मूलद्रव्याचे चिन्ह, अणुक्रमांक आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा दिलेली असते : लोखंड ६.४०, कोबाल्ट ६.९३, निकेल ७.४८ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट. या आकड्यांच्या मुळाशी एका अल्पायुषी संशोधकाचे परिश्रम आहेत.

मेंडेलिव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली. पुढे अचूक मोजमाप होताच कोबाल्ट निकेलहून किंचित जड ठरला. तथापि गुणधर्म पाहता त्याचे स्थान अगोदरचेच होते. हे कोडे हेन्री मोस्ले या तरुण इंग्रजाने सोडविले. १९१३ मध्ये मँचेस्टर येथे त्याने एकेका धातूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून निघणाऱ्या क्ष-किरणांची कंपनसंख्या मोजली. तिचे वर्गमूळ एकेक पायरी चढावी तसे सारख्या अंतराने वाढत गेले. कोबाल्ट सत्ताविसाव्या पायरीवर, निकेल अठ्ठाविसाव्या! म्हणजे क्रम ठरतो तो भाराने नव्हे, तर अणुकेंद्रावरील विद्युत्भाराने. काही पायऱ्या रिकाम्या दिसल्या. त्यांपैकी ७५ क्रमांकाचे ऱ्हेनियम १९२५ मध्ये क्ष-किरणांच्या रेषांवरूनच ओळखले गेले.

ते पाहण्यास मोस्ले नव्हता. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणांगणावर तो धारातीर्थी पडला. वय अवघे २७ वर्षांचे.

१९५१ मध्ये पॅरिस येथे रेमों कास्तँ याने आपल्या प्रबंधात, इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म शलाकेने धातूच्या कणभर भागातील घटक ओळखण्याची रीत सिद्ध केली. त्या रीतीचा आधार मोस्लेचाच नियम. मोजणारा गेला, मोजमाप मात्र भिंतीवर राहिले.