मायक्रो:बिट
मायक्रो:बिट हा मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकविणारा, तळहातावर मावणारा छोटा फलक होय. बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ मध्ये ब्रिटनमधील ११-१२ वर्षांच्या विद्यार्थ्यांना तो मोफत देण्यात आला. त्यावर २५ लाल दिवे, दोन बटणे आणि हालचाल व दिशा ओळखणारे संवेदक असतात. संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे जुळवून आज्ञावली रचायची आणि तारेने फलकात उतरवायची. ‘फलक हलवताच दिवे लागावेत’ ही आज्ञा चुकली, तर दिवे लागत नाहीत आणि मूल आपली चूक शोधू लागते. हा शोध हेच खरे शिक्षण. गोव्यातही ‘केअर्स’ योजनेखाली सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग व रोबोटिक्स शिकविले जाते. तेथे संचाइतकाच शिक्षकाचा संयम मोलाचा. उत्तर सांगण्याची घाई झाली, तर संच केवळ खेळणे ठरतो.