तो शुक्रवार नव्हताच

आपण गोव्याची माणसं बर्फ ओळखतो तो मासळीच्या पेटीतला. फार तर मनालीच्या सहलीत एकमेकांच्या अंगावर उडवलेला. त्यामुळे हिमस्खलन म्हणजे आभाळातून अवचित कोसळणारं संकट, अशीच माझी समजूत होती. मार्मोलादाची हकिकत वाचली आणि ती ढासळली.

मार्मोलादा हा डोलोमाइट पर्वतरांगेतला सर्वांत उंच डोंगर, 3343 मीटर. आज तो इटलीत आहे. 1916 साली तिथे ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीच्या फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या. ग्रान पोत्स या जागी ऑस्ट्रियन तुकडीने लाकडी बराकी उभारल्या. जागा मोठ्या हुशारीने निवडलेली. खडकाच्या आडोशामुळे इटालियन तोफांचा मारा तिथवर पोचत नसे. पण डोक्यावर बर्फाचा उभा उतार! कॅप्टन रुडोल्फ श्मिड यांना तो दिसत होता. बराकी हलवू द्या, असं त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं. परवानगी मिळाली नाही. वरिष्ठांना बहुधा तोफा तेवढ्या दिसत असाव्यात.

डिसेंबरात अतोनात बर्फ पडला, टेलिफोनची तार तुटली, मग हवा उबदार झाली. 13 डिसेंबरच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास, माणसं झोपेत असताना, तो सगळा भार खाली आला. सुमारे 270 जण गेले. श्मिड किरकोळ जखमांवर वाचले. इतिहासात या दिवसाला ‘पांढरा शुक्रवार’ म्हणतात. गंमत म्हणजे तो बुधवार होता!

आज हे गणित बरंच उलगडलं आहे. धोका मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर. खाली एखादा ठिसूळ थर असतो, त्यावर नव्या बर्फाचं ओझं साचतं, आणि मग एका माणसाचं वजनही पुरतं. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेक भटक्यांनी ते स्वतःच किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेलं असतं, हे वाचून मी चरकलो. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढलं तरच खरी आशा. म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत वेळ टळलेली असते, सोबत्यांनीच खणायचं. म्हणून जाणते लोक निघण्यापूर्वी हिमधोक्याचं पत्रक वाचतात, धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडतात, आणि प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, लांब सळई नि फावडं असतं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ याच अभ्यासासाठी 1942 साली संस्था निघाली.

अर्थात सैनिकाला उतार निवडता येत नाही. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांतले हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा आपण सगळेच टीव्हीसमोर खिळलो होतो. ते आपल्या अनमोड घाटापलीकडच्या धारवाड जिल्ह्यातले. 11 फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला.

आणि मार्मोलादा? 3 जुलै 2022 रोजी, भर उन्हाळ्यात, तिथल्या हिमनदीचा कडा तुटून अकरा गिर्यारोहक गेले. आदल्या दिवशी शिखरावर तापमान 10 अंश होतं.