साच्यातले मावळे

गेल्या मे महिन्यात दादरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा खिडकीपाशी टेबललॅम्प लावून, डोळ्याला भिंग अडकवून बसला होता. जेमतेम दोन इंचांचा एक राक्षस त्याच्या पुढ्यात होता. राक्षसाचं मूळ डोकं त्याने पात्याने कापून काढलं होतं आणि त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी प्राण्याचं डोकं बसवून सांध्यावर एम-सीलचा लगदा भरणं चाललं होतं. घरातला नळ गळू लागला की लावतात, तेच एम-सील. त्यातून सुईच्या टोकाने तो राक्षसाच्या मानेवरचे स्नायू कोरत होता.

"मामा, साच्यातून हे सगळे सारखेच येतात," तो म्हणाला. "मग आपण एकेकाला बदलायचं. याला कन्व्हर्जन म्हणतात."

मी म्हटलं, "हे आम्ही लालबागला करायचो."

तो हसला. मोठ्या माणसांच्या आठवणींवर मुलं अदबीनं हसतात, तसा. आजचं बोलणं त्या हसण्याला दिलेलं उत्तर आहे असं समजा.

भाच्याचा छंद परदेशातून आला, हे खरं. ब्रिटन नावाच्या लंडनच्या खेळणीवाल्यांनी १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली आणि ते इतके स्वस्त झाले की साध्या घरांतल्या मुलांनाही मिळू लागले. एच. जी. वेल्स यांच्यासारख्या लेखकाने १९१३ साली अशा सैनिकांच्या लढाया कशा खेळाव्यात यावर चक्क पुस्तक लिहिलं. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि सैनिकांच्या जागी राक्षस, बुटके, चेटकीण, पंखवाले सर्प आले. इंग्लंडात १९७९ पासून सिटाडेल या नावाने असल्या पुतळ्या ओतल्या जाऊ लागल्या. आज मुंबईतली मुलं त्या मागवतात, नाही तर थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतात, आणि रात्र रात्र जागून रंगवतात.

पण ब्रिटन यांचे पोकळ सैनिक ज्या १८९३ साली निघाले, त्याच वर्षी आपल्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही मला ते साल लक्षात ठेवायला आवडतं. मातीचं चित्र करणं, रंगवणं आणि चार लोकांपुढे मांडणं हे या शहराच्या अंगवळणी कसं पडलं, ते त्या चाळीपासून सांगायला सोपं जातं.

त्याच्याही आधीची एक जागा मात्र आधी पाहू. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून जे संग्रहालय आहे, ते २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ज्यांच्या खटपटीने ते उभं राहिलं त्यांत नाना शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं, आणि मोठ्या डागडुजीनंतर २००८ साली ते पुन्हा उघडलं. तिथे काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या माणसांचा मोठा संसार आहे. वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची हत्यारं. यातल्या बऱ्याच प्रतिकृती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत संग्रहालयाने मुद्दाम करवून घेतल्या. पुण्याच्या रंगीत मातीच्या बाहुल्यांचं नाव तर एकोणिसाव्या शतकातच साहेबांच्या देशात पोचलं होतं.

शाळेच्या सहलीत मी ती कपाटं पहिल्यांदा पाहिली तेव्हा काचेला नाक लावून उभा राहिलो. पगडीची घडी, धोतराचा काठ, पायातल्या वहाणेचा अंगठा, सगळं नखाएवढ्या जागेत. ज्या कारागिराने ते केलं त्याच्या हाताला आजही नमस्कार करावा. पण थोडं मोठं झाल्यावर एक गोष्ट खुपू लागली. पाटीवर नाव असे ते धंद्याचं, नाही तर जातीचं. माणसाचं नाव नाही, आणि ज्याने ते घडवलं त्याचंही क्वचितच. कुंभार म्हणजे एक कुंभार, विणकर म्हणजे एक विणकर. ज्यांनी हे मांडलं त्यांना नमुना हवा होता आणि तो त्यांना मिळाला.

आता तिथून लालबागेत येऊ. अंतर फार नाही, पायीसुद्धा जाता येतं. गिरणगावात गणपती वाढला तो गिरणी कामगारांच्या वर्गणीवर. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. राजाची मूर्ती कांबळी कुटुंबाने घडवावी ही पिढ्यांची रीत. गणेश गल्लीत १९७७ साली मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी बावीस फुटी गणपती उभा केला, तेव्हा तो पाहायला मुंबई लोटली होती. एवढे मोठे गणपती जिथे होत, त्या परळ-लालबागच्या कारखान्यांच्या दारात आम्ही पोरं घुटमळायचो ती लहान कामं बघायला. काथ्या आणि लाकडाच्या सांगाड्यावर थापलेलं प्लास्टर लांबून बघायचं. जवळून बघायचा तो डोळ्यांची आखणी करणारा माणूस. आखणी सुरू झाली की सगळा कारखाना गप्प होई. श्वास रोखून, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून, एका रेषेत पापणी. भाचा राक्षसाचा डोळा रंगवताना करंगळी टेकवतो ती अगदी तशीच.

मूर्तिकामातून मोठं कोण होऊ शकतं, याचं उदाहरण समुद्रापलीकडे अलिबागजवळ सासवण्याला आहे. विनायक पांडुरंग करमरकर तिथले, जन्म १८९१. घरात गणपती करण्याची परंपरा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडलं आणि त्याने या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ सालचा. पण सासवण्याच्या त्यांच्या घरी गेलात तर कोळीण, म्हैस, घरातली माणसं अशी शिल्पं बघा. तिथे नमुना उरत नाही. ती कोळीण अमुकच एक बाई आहे, तुमच्याशी भांडायला उभी राहील अशी.

आमच्या हाती अर्थातच करमरकरांची विद्या नव्हती. आमच्या हाती होता दिवाळीचा किल्ला. अनंत चतुर्दशी झाली की कारखान्यांत देवीच्या मूर्तींची घाई सुरू होई, आणि दसरा उलटला की लालबाग, दादर, गिरगावच्या रस्त्यांवर मावळे विकायला येत. चाळीच्या अंगणात विटा, दगड आणि चिखलात बुडवलेलं गोणपाट यांचा डोंगर रचायचा, त्यावर अळीव आणि मोहरी पेरायची आणि वर सिंहासनावर महाराज बसवायचे. महाराज मोठे, मावळे लहान. मापाचा हिशेब भक्तीने ठरे. गुहेत वाघ हवाच, आणि पायथ्याशी कोणी हौशी पोरगा क्रिकेटची मॅचही मांडून जाई.

विकतचे मावळे सगळे एका साच्यातले. उजव्या हातात भाला, डाव्या हातात ढाल, नजर समोर. बारा घेतले तर बारा जुळे भाऊ. मग घरी आणल्यावर आमचं काम सुरू. भाला मोडून खराट्याच्या हिराची काडी खोचली की भालदाराची उंची वाढे. शर्टाचं बटण चिकटवलं की ढाल नवी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तलवार, आणि अगरबत्तीच्या पुड्यातल्या चांदीचा कंबरपट्टा. कारखान्यातून मूठभर शाडू मिळाला तर फेट्याला शेमला जोडायचा, कोणाला दाढी लावायची, कोणाच्या खांद्यावर घोंगडी टाकायची. वाळताना सांध्याला तडा जाई, म्हणून पाणी बेताचं आणि वाळवणं सावलीत. मग पांढऱ्याचा एक हात, त्यावर अंगाचा रंग, त्यावर कपडे, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. भाचा ज्याला कन्व्हर्जन म्हणतो, त्याला आमच्याकडे नाव नव्हतं.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. त्यामुळे "वडील काय करतात?" या प्रश्नाला आम्ही "साच्यावर आहेत" असं उत्तर देत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले दोन महिने उमेद होती. पावसाळा येईपर्यंत चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणात आणि घाटावर गेली. वडील त्या पावसाळ्यात एका गणपतीच्या कारखान्यात रोजावर लागले. काम मूर्ती घासण्याचं. दिवसभर पॉलिश पेपरने घासून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

शेवटच्या दिवशी मालकांनी हिशेब केला आणि कोपऱ्यात पडलेला मावळ्याचा एक जुना साचाही दिला. प्लास्टरचा, दोन भागांचा. उजव्या हाताकडचा टवका उडाल्याने तो विक्रीच्या कामाचा राहिला नव्हता. त्या दिवाळीत मावळे विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी साच्याला आतून शंखजिऱ्याची पूड लावली, दोन्ही भागांत शाडू दाबला, कडांना पातळ शाडू लावून भाग जोडले आणि थोड्या वेळाने उघडले. मावळा छान निघाला, पण उजवा हात कोपरापाशी संपलेला. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे तसेच. तीस-बत्तीस मावळे झाले आणि एकालाही उजवा हात नाही.

मग गॅलरीत हात करण्याचं काम निघालं. संपामुळे माणसांना वेळ भरपूर होता. विजेच्या वायरीतली तांब्याची तार कापून कोपरात खोचायची आणि तिच्यावर शाडू चढवायचा. शेजारचे काका साचेखात्यातलेच, त्यांनी केलेल्या मावळ्याच्या हातात पाण्याची घागर आली. कोणी मशाल दिली, कोणी शिंग फुंकायला लावलं, एकाने मावळ्याला चक्क डोकं खाजवायला लावलं. आईने एकाच्या हातात भाकरी दिली. साच्याचा टवका उडाला म्हणून त्या वर्षी आमच्या किल्ल्यावर एकासारखा दुसरा मावळा नव्हता.

वडिलांनी स्वतः एकच हात केला. दरवाजावरच्या पहारेकऱ्याचा. तळवा कपाळावर आडवा धरून तो लांब बघत होता. काकांनी विचारलं, "हा कोणाची वाट बघतोय हो?"

"भोंग्याची," वडील म्हणाले.

कोणी हसलं नाही.

भोंगा वडिलांसाठी पुन्हा वाजला नाही. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलं नाही. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे ते प्रभादेवीच्या एका इमारतीत पहारेकरी झाले. साचा आणखी दोन दिवाळ्या टिकला आणि मग भुगा झाला. मावळे तर कच्च्या मातीचे. किल्ला मोडला की फुटके तुकडे तुळशीच्या कुंडीत जात आणि पहिल्या पाण्याला विरघळत. इतिहास लिहिणाऱ्याला पुरावा लागतो, आणि आमचा पुरावा आम्हीच दरवर्षी कुंडीत घालत होतो. भायखळ्याचे नमुने काचेआड शंभर वर्षं राहिले. पण लालबागच्या गॅलऱ्यांत बसून किती जणांनी किती हात केले, याची नोंद कुठल्याही पाटीवर नाही.

पूर्वी सगळं हाताने व्हायचं आणि आता यंत्राने होतं, असं रडगाणं मला गायचं नाही. साचा तेव्हाही होता, भायखळ्याच्या कपाटांतही एक प्रकारचा साचाच होता, आणि भाच्याच्या टेबलावरही साचाच आहे. साच्यातून बाहेर पडल्यावर त्या चित्राचं आपण काय करतो, तेवढंच आपल्या हाती असतं. आज चाळी पडून टॉवर उभे राहिले, अंगणं गेली, तरी कुठल्या तरी इमारतीच्या वाहनतळात पोरं किल्ला करतातच. आता मावळे रंगवून तयार मिळतात, त्यामुळे बदलायला कोणी बसत नाही, एवढंच वाईट वाटतं.

वडिलांचा तो पहारेकरी मात्र वाचला. आईने तो फडताळात ठेवला होता. परवा मी तो भाच्याला दाखवायला नेला. त्याने भिंग लावून पाहिला, कोपराचा सांधा पाहिला, तार कुठे खोचली ते विचारलं, आणि या खेपेला तो हसला नाही. मग त्याने आपला एक राक्षस उलटा करून दाखवला. तळाला बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि तारीख होती. "मामा, तुमच्या मावळ्याखाली काहीच लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

खरंच नव्हतं. मी गेल्यावर ते कोणाच्याही हाती एक मातीचं खेळणं राहिलं असतं. आम्ही दोघांनी त्याच्याच कुंचल्याने पहारेकऱ्याच्या पायाखाली लिहिलं : लालबाग, दिवाळी १९८२. खाली वडिलांचं नाव.

येत्या दिवाळीत मावळे विकत आणाल तेव्हा घरातल्या मुलांना त्यातला एक तरी मोडून बदलायला द्या. आणि झाला की त्याच्या तळाशी नाव आणि साल लिहायला सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)