व्यसनी नवऱ्याची साथ : एक न लिहिलेला इतिहास

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ही घटना चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने, स्वच्छता, मुलींचे शिक्षण हे विषय त्या भाषणात होते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती : नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आली आणि पंचशीलातील पाचवे शील आमच्या रोजच्या वंदनेत आले.

या दोन तारखांमध्ये आणि त्यानंतरच्या काळात घराघरांत काय घडले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. सभेत ऐकलेला आदेश घेऊन बाई घरी आली. रात्री नवरा झिंगत दारात उभा राहिला. तिने भाकरी वाढली नाही तर पुढे काय झाले? घर तिच्या नावावर नव्हते. मजुरी तिच्या हातात नव्हती. तरीही बायकांनी त्या आदेशाचे काहीतरी केलेच. कोणी भाकरी बंद केली, कोणी पोरांना आधी जेवू घालून तवा पालथा ठेवला, तर कोणी वाढून ठेवले आणि बोलणे सोडले. या साऱ्यांना मी चळवळीचा भाग मानते. आपल्या इतिहासलेखनाने त्यांना तो मान दिलेला नाही.

मी हर्सूलची. चळवळीच्या माणसाला हर्सूल म्हटले की मध्यवर्ती कारागृह आठवते. शहराच्या जुन्या वस्तीला तलाव आठवतो आणि भाविकांना हरसिद्धी मातेची जत्रा. मला या गावाच्या निमित्ताने आणखी एक इतिहास दिसतो. मराठवाड्यातल्या कोणत्याही वस्तीत तो असाच सापडेल. एका घरातल्या सासू, सून आणि नातसून अशा तीन पिढ्यांनी सरकारची चार दारू-धोरणे भोगली आहेत.

पहिले धोरण निजामाचे. आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. शिंदी आणि मोहाच्या दारूचे मक्ते लिलावात जात. मक्त्याला आमच्याकडे गुत्ता म्हणतात आणि मक्ता घेणाऱ्याला गुत्तेदार. आज दारूच्या अड्ड्यालाच गुत्ता म्हणतात. सरकार गेले, लिलावाचा शब्द मात्र आमच्या बोलीत राहिला. इंग्रजी मुलखातही वेगळे नव्हते. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकार आणि ठेकेदार यांच्या हाती एकवटला. रानात मोह वेचून घरी गाळणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार झाला आणि दुकानातून विकत घेणारा गिऱ्हाईक. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली त्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती याच पार्श्वभूमीवर.

दुसरे धोरण बंदीचे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. मराठवाडा तेव्हा हैदराबादेत असल्याने तो येथे लागू नव्हता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर १९५९च्या विस्तार कायद्याने तो आमच्यापर्यंत आला. मग वस्त्यांत हातभट्टी सुरू झाली. नवसागर आणि काळा गूळ घरातल्या पिंपात आला आणि भट्टीपाशी बसलेली बाई पोलिसांच्या हाती सापडू लागली. बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी आहे. बंदीमुळे शिक्षणासाठी लागणारा महसूल बुडतो आणि दारू दुकानातून उठून घरात शिरते, असा त्यांचा आक्षेप होता. पाच वर्षांनी त्यांनीच आपल्या लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. काही विद्यार्थी मला विचारतात, ही विसंगती नव्हे काय? मला ती वाटत नाही. कायद्याचा दंडुका गरिबाच्या पाठीवरच पडतो, म्हणून त्यांनी तो नाकारला. माणसाने स्वतःहून घेतलेला निश्चय त्यांना हवा होता.

तिसरे धोरण परवान्याचे. १९७२च्या दुष्काळात माणसे सुकडी खाऊन खडी फोडत होती. १९७३ साली राज्याचे देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य दुकाने उघडली. चौथे धोरण कारखान्याचे. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत बिअर व मद्याचे कारखाने आले. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळ इतका टोकाचा होता की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला. बाई घागर घेऊन टँकरची वाट पाहते आणि तिच्याच जिल्ह्याचे पाणी बाटलीत भरून नवऱ्याच्या हाती पोचते.

या चारही काळांत सरकारचा महसूल, ठेकेदाराचा नफा, पोलिसांचा हप्ता आणि पुढाऱ्यांचे निवडणुकीतले वाटप बदलत गेले. बाईचे काम तेवढे बदलले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘दलित वस्ती म्हणजे दारू’ हे समीकरण सवर्ण समाज सहज मांडतो. त्यांच्या घरातली दारू काचेच्या कपाटात असते, आमची रस्त्यावर दिसते, एवढाच फरक. परंतु आपल्या बाजूनेही एक प्रश्न टाळता कामा नये. गटारात उतरणारा, शवविच्छेदनाच्या टेबलापाशी राबणारा माणूस शुद्धीवर राहून ते काम करू शकत नाही, हे नगरपालिकांना पिढ्यानपिढ्या माहीत होते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. दुर्गंधी सोसण्यासाठी पोटात घेतलेल्या दारूचा हिशेब मात्र कोणत्याही कायद्यात नाही. तो त्या कामगाराच्या बायकोने दिला.

माझ्या स्वतःच्या घरात दारू अकरा वर्षे राहून गेली. आमचे हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते आणि नामांतराच्या मोर्चात पुढे असत. घोषणा देऊन घसा बसला की मित्र क्वार्टर काढीत. जयंतीच्या दिवशी सकाळी पाचवे शील म्हणायचे आणि रात्री मिरवणुकीत डोलायचे, असे पुष्कळांचे चालले होते. मी एका स्थानिक कार्यकर्त्यापाशी बोलले. तो म्हणाला, “वहिनी, घरातलं घरातच ठेवा. बाहेर बोभाटा झाला तर चळवळीची बदनामी व्हते.” त्या दिवसापासून मी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत गेले : तुम्ही काय केले?

एक मावशी म्हणाली, “पेलेल्या मानसासंगं भांडू नाय बाई. सकाळी डोकं उतरलं की मंग बोलावं, आन् एकच बोलावं.” दुसरीने पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर उभे राहण्याची रीत पाडली होती. घरभाडे, किराणा आणि शाळेची फी तेथेच मोजून घ्यायची, उरलेल्याबद्दल शब्द काढायचा नाही. तिसरी नवऱ्याच्या मुकादमाला ‘ताप आला’ म्हणून खोटे सांगायला कधीच गेली नाही. “त्यानं पेली, त्यानंच जाऊन सांगावं,” हे तिचे उत्तर. या बायकांनी कोणतेही पुस्तक वाचले नव्हते. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झाली. सभेत पुरुष बसत तेव्हा बाहेर थांबणाऱ्या बायका आपसांत बोलू लागल्या आणि १९५१ साली लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने अल्-अॅनॉन ही नातेवाइकांची संघटना झाली. तिची शिकवण थोडक्यात अशी : त्याचे व्यसन तुझ्यामुळे लागलेले नाही, ते तुझ्या हाती सुटणारेही नाही, म्हणून त्याच्या चुका झाकू नकोस आणि स्वतःला संपवू नकोस. आमची मावशी आणि त्या बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्या एकाच ठिकाणी पोचल्या.

महाराष्ट्रात या कामाला संस्थेचे रूप दिले ते पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर १९८६ साली ते केंद्र उभे केले. व्यसनींच्या बायकांसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट आहे. पण पुणे हर्सूलपासून सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर. पस्तीस दिवसांच्या उपचारासाठी नवऱ्याला पाठवायचे, तेवढे दिवस त्याची मजुरी बुडवायची आणि स्वतःच्या मोलमजुरीवर घर चालवायचे, हे किती जणींना झेपेल? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सची २०१९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांचा दवाखाना म्हणजे त्यांचे घर आणि तेथली परिचारिका बिनपगारी.

या परिचारिकेला निदान ज्ञान तरी द्यावे, ही माझी मागणी आहे. आमच्या वस्तीत एकाने धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहारात सर्वांसमोर दारू सोडली. रोज सकाळपासून पिणारा माणूस एकाएकी थांबला. दुसऱ्या दिवशी हात थरथरले, तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसू लागले. लोक म्हणाले, बाहेरचे आहे, देवऋषीकडे न्या. बायकोने रिक्षा केली आणि घाटी दवाखाना गाठला, म्हणून तो वाचला. फार पिणाऱ्याने अचानक सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतो. प्रतिज्ञा पवित्र आहे. तिच्याबरोबर डॉक्टर हवा. तसेच ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर असतात. डायसल्फिराम हे औषध १९४८ पासून या कामी माहीत आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर जीव घाबरा होतो, रक्तदाब कोसळतो. त्याच्या नकळत ते भाजीत कालवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. जाहिरातवाला पैसे घेऊन निघून जातो, जबाबदार ठरते ती भाजी वाढणारी.

आपल्या साहित्याने या घराकडे पाहिले आहे काय? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) बापाची दारू आणि आईचे कष्ट आहेत, ते मुलाच्या डोळ्यांनी. मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) लिहून पँथरच्या एका मोठ्या कवीचा संसार पत्नीच्या बाजूने मांडला. तेव्हा अनेकांना ते चळवळीशी वैर वाटले. विद्रोह सभागृहात टाळ्या घेतो आणि स्वयंपाकघरात आला की बदनामी ठरतो, हा न्याय कसला?

बायकांनी एकत्र येऊन दुकाने बंद पाडल्याचा इतिहास उज्ज्वल आहे. १९७२-७३ मध्ये शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. १९९२ साली आंध्रातील दुबगुंट्याहून निघालेल्या लढ्याने सरकार हलवले. आमच्या राज्यात ‘आडवी बाटली’च्या मतदानाने कित्येक गावांतली दुकाने उठली. पण चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१ मध्ये उठली, हेही खरे. दुकान बंद झाले तरी थरथरणारा माणूस घरी असतोच. मोर्चा संपतो, बाईची रात्र सुरू होते.

म्हणून साथ देणे म्हणजे सोसणे नव्हे, हे आपण एकदा ठरवून टाकले पाहिजे. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे ही साथ. त्याच्या हातचा मार खाणे ही साथ नव्हे. मारणाऱ्याच्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क २००५च्या कायद्याने बाईला दिला आहे, आणि ते घर सोडून जाण्याचा हक्क तिला माणूस म्हणून आहे. आज आमचे हे पीत नाहीत. ते माझे यश म्हणून मी सांगत नाही. माझ्या शेजारच्या दोघींनी माझ्याइतकेच, कदाचित अधिक केले. त्या आज विधवा आहेत. सोडणे शेवटी पिणाऱ्याच्या हाती असते. वस्तीच्या हाती एवढेच असते की त्याला आणि तिला एकटे पडू द्यायचे नाही.

दर रविवारी विहारात वंदना होते. ती आटोपल्यावर तासभर सतरंजी तशीच राहू द्यावी. एका बाजूला सोडू पाहणारे पुरुष बसतील, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका. घाटीच्या मानसोपचार विभागाचा वार आणि वेळ फळ्यावर लिहावी. कार्यकर्त्यांनी भाषण करू नये, ऐकावे. त्या तासात बायका जे बोलतील ते कोणी शिकलेल्या मुलीने वहीत उतरून घ्यावे. महाडच्या त्या आदेशाचे पुढे काय झाले, याचे उत्तर त्या वहीत सापडेल.