स्तब्धता आणि विश्रांति

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे शब्द बालपणीं ज्याच्या कानांवर पडले नाहींत असा मराठी गृहस्थ विरळा. मी प्राथमिक शाळेंत चौतीस वर्षें मास्तरकी केली. त्या काळांत हे शब्द मीं किती हजार वेळां उच्चारले असतील याची गणती नाहीं. शब्द उच्चारतांच वर्ग चिडीचूप होत असे आणि मला वाटे, मुलें आतां शांत झालीं. वास्तविक तीं स्तब्ध झालेलीं असत. स्तब्धता निराळी आणि विश्रांति निराळी, हें कळण्यास मला पुष्कळ वर्षें लागलीं. आणि तें एका मुलाच्या पोटदुखीनें कळलें.

हा मुलगा चौथीच्या शिष्यवृत्ति-परीक्षेस बसणार होता. हुशार, अक्षर मोत्यासारखें. परीक्षा जवळ आली तशी रोज सकाळीं त्याच्या पोटांत दुखूं लागलें. मीं त्यास ढोंगी ठरविलें आणि वर्गासमोर उभें करून तसें बोलूनही दाखविलें. परीक्षेच्या दिवशीं केंद्रावर त्यास ओकारी झाली आणि दुसरी प्रश्नपत्रिका न सोडवितांच तो घरीं गेला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. तिनें एवढेंच विचारलें, “गुरुजी, तो खोटें बोलत होता का हो?” मजपाशीं उत्तर नव्हतें. त्यानंतर या विषयावर मिळेल तें मी वाचीत गेलों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां विद्वत्तेचा आव न आणतां, जें हातीं लागलें तेंच आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम आज्ञेच्या शांततेविषयीं. आमच्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें गळा काढून पाढे म्हणत. तेथें शांततेचें फारसें प्रस्थ नव्हतें. शेंकडों मुलें एका दालनांत बसवून एका शिक्षकाच्या हुकमतीखालीं ठेवण्याची युक्ति इंग्रजी अमदानींतली, आणि नवलाची गोष्ट ही कीं तिचा एक उगम आमच्याच देशांत आहे. अँड्र्यू बेल हा पाद्री १७८९ सालीं मद्रासेस, एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक झाला. मलबारी शाळेंत वाळूवर अक्षरें गिरविणारीं मुलें त्यानें पाहिलीं, ती रीत उचलली, आणि मोठ्या मुलानें लहानास शिकवावें अशी पद्धति बसवून १७९७ सालीं तिचें वर्णन लंडनांत छापविलें. तिकडे जोसेफ लँकेस्टर यानें बरो रोडवरील आपल्या शाळेंत असाच प्रकार आरंभिला होता. उठणें, बसणें, पाटी दाखविणें, सर्व हुकमासरशीं. थोड्या पैशांत पुष्कळ मुलें शिकूं लागलीं, हा त्या पद्धतीचा मोठाच उपकार. परंतु मुलाचें शरीर हें शिक्षकाच्या हुकमाचें यंत्र होय, ही समजूतही तिच्याबरोबर शाळाशाळांतून रुजली.

शतक संपतां संपतां मात्र कांहीं शास्त्रज्ञांना शंका येऊं लागली. इटलींत तुरिन येथें अँजेलो मोस्सो यानें स्नायूंचा थकवा मोजण्याचें यंत्र बनविलें आणि १८९१ सालीं ‘थकवा’ याच नांवाचा ग्रंथ लिहिला. ब्रेस्लाउ शहराच्या शाळाधिकाऱ्यांनीं, पांच तासांची सलग शाळा मुलांना पेलते काय, असा प्रश्न टाकला तेव्हां हेर्मान एबिंगहाउस यानें मुलांना गाळलेल्या जागा भरण्यास देऊन तो तपासला. त्याचा निबंध १८९७ चा. थकवा मोजण्यासाठीं योजलेलें हें साधन आम्हीं मास्तरांनीं पुढें मुलांना थकविण्यासाठींच वापरलें, ही गंमत आपल्या लक्षांत आली असेल.

याच सुमारास अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत विल्यम जेम्स हा तत्त्वज्ञ मानसशास्त्र शिकवीत असे. शिक्षकांसाठीं दिलेलीं त्याचीं व्याख्यानें १८९९ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत विश्रांतीवर एक स्वतंत्र व्याख्यान आहे. आपले देशबांधव निष्कारण आवळलेले असतात, त्यांच्या कपाळाला आठी आणि खांद्याला ताठा असतो, आणि तो ताठा कामास मदत न करितां उलट शक्ति खातो, असें त्याचें म्हणणें. परीक्षेस बसणाऱ्यास त्यानें दिलेला सल्ला तर आमच्या पालकांना धक्काच देईल: आदल्या दिवशीं पुस्तक भिरकावून द्या, निकालाची फिकीर सोडा, बाहेर खेळा नाहीं तर झोपा. हा सल्ला वाचून मला माझ्या ‘जादा तासां’ची आठवण झाली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीं सात वाजेपर्यंत मी मुलांना बसवीत असें.

त्या आईच्या प्रश्नाचें उत्तरही मला हार्वर्डमध्येंच सांपडलें. वॉल्टर कॅनन हा तेथें वैद्यकाचा विद्यार्थी असतांना, १८९७ च्या सुमारास, नव्यानेंच निघालेल्या क्ष-किरणांच्या साह्यानें मांजराच्या जठराची हालचाल पाहत असे. मांजर घाबरलें कीं ती हालचाल एकाएकीं थांबे. त्यास कुरवाळून शांत केलें कीं पुन्हां सुरू होई. यावरून अनेक वर्षें प्रयोग करून त्यानें १९१५ सालीं ग्रंथ लिहिला. भय उत्पन्न झालें कीं शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करितें: छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धांवतें, आणि पचनाचें काम बाजूस पडतें. बाकावर बसलेल्या मुलास तर लढतांही येत नाहीं आणि पळतांही येत नाहीं. तेव्हां तो मुलगा खोटें बोलत नव्हता. त्याचें पोट खरोखरच दुखत होतें.

आतां रोमकडे वळूं. सान लोरेन्झो ही कामकऱ्यांची गरीब वस्ती. तेथें ६ जानेवारी १९०७ रोजीं मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनीं पहिलें बालगृह उघडलें. पुढें एके दिवशीं अंगणांत एका मातेजवळ चार महिन्यांचें तान्हें त्यांनीं पाहिलें. दुपट्यांत गुंडाळलेली ती मुलगी अगदीं निवांत होती. बाई तिला उचलून वर्गांत घेऊन आल्या आणि मुलांना म्हणाल्या कीं ही तुमची नवी बाई. हिच्यासारखें स्थिर तुमच्यापैकीं कोणास राहतां येईल काय? पाय पाहा कसे आहेत. आणि श्वास, तो तर ऐकूंही येत नाहीं. मुलें हंसलीं नाहींत. आपले पाय जुळवून, श्वास सावरून तीं त्या तान्ह्याकडे पाहत राहिलीं, आणि हळूहळू खोलींत अशी निःशब्दता पसरली कीं एरवीं न ऐकूं येणारे बारीक आवाज ऐकूं येऊं लागले.

यांतून त्यांनीं ‘शांततेचा खेळ’ बसविला. खोलींत किंचित् अंधार करावयाचा, मुलांनीं डोळे मिटावयाचे, आणि बाईंनीं शेजारच्या खोलींतून एकेकाचें नांव कुजबुजत्या स्वरांत घ्यावयाचें. ज्याचें नांव येईल त्यानें पावलाचा आवाज न करितां तिकडे जावयाचें. प्रारंभीं बाईंनीं बक्षीस म्हणून खाऊ ठेविला होता, पण मुलांना त्याची गरजच भासेना; स्वतः स्थिर होण्यांतच त्यांना सुख वाटत होतें. माझ्या आज्ञेंत आणि या खेळांत बाहेरून पाहतां फरक दिसणार नाहीं. दोहोंतही मुलें हलत नाहींत. परंतु माझ्या वर्गांत तीं मला भिऊन हलत नव्हतीं, आणि रोमच्या वर्गांत आपलें नांव ऐकूं यावें म्हणून.

हा खेळ आपल्याकडेही लवकरच आला. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें. तेथें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें त्यांनीं मुंबईंत दादरला आणि नंतर बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्यें बालशिक्षणाचें काम नेलें. स्वतः माँटेसोरीबाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. इतकें होऊनही हा खेळ बालवर्गाच्या उंबरठ्याबाहेर फारसा पडला नाहीं. मूल पहिलींत आलें कीं हाताची घडी सुरू.

खेळानें जें साधतें त्यामागचें शरीरशास्त्र एडमंड जेकबसन यानें उलगडलें. यानेंही १९१० सालीं हार्वर्डचीच पदवी घेतली. अकस्मात् मोठा आवाज झाला कीं माणूस दचकतो. परंतु ज्याचे स्नायु पुरते सैल आहेत तो फारसा दचकत नाहीं, हें त्यानें पाहिलें. पुढें शिकागोस त्यानें स्नायूंतील अति सूक्ष्म विद्युत् मोजली आणि दाखविलें कीं हात वांकविण्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत चलबिचल होते. म्हणजे चिंता नुसती मनांत राहत नाहीं, ती अंगांतही असते. त्याचा ग्रंथ १९२९ चा. त्याची शिकवण अशी कीं आपला कोणता स्नायु आवळलेला आहे हेंच माणसास ठाऊक नसतें. म्हणून तो आधीं जाणून आवळावा आणि मग सोडावा.

हें वाचतांना आपणांस शवासन आठवलें असेल. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘हठयोगप्रदीपिकें’त तें श्रम हरण करणारें आणि चित्तास विसांवा देणारें म्हणून सांगितलें आहे. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनीं अशा क्रिया प्रयोगशाळेंत तपासण्याचा परिपाठ घातला. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ डॉ. दाते आणि त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या ४७ रोग्यांवर शवासनाचा प्रयोग करून १९६९ सालीं त्याचा गुण प्रसिद्ध केला. ‘आमच्याकडे सर्व होतेंच’ म्हणून मिशीवर ताव देणाऱ्यांतला मी नव्हे. पोथींत असलेलें मुलाच्या बाकापर्यंत पोंचलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

बाकापर्यंत तें पोंचविण्याचें काम १९७४ सालीं ए. एस. कोपेन या अमेरिकन लेखिकेनें सुंदर केलें. लहान मुलास ‘स्नायु सैल सोड’ म्हटल्यानें कांहीं कळत नाहीं, म्हणून तिनें जेकबसनच्या पद्धतीच्या गोष्टी केल्या. हातांत लिंबू आहे असें समज. पीळ, सगळा रस काढ. आतां टाकून दे आणि हात कसा सैल पडला तें पाहा. मग दुसरा हात. मांजर आळस देतें तसे हात वर ताण आणि सोड. तूं कासव आहेस. खांदे कानांपर्यंत नेऊन मान आंत घे. धोका टळला, मान बाहेर काढ. नाकावर माशी बसली आहे. हात न लावतां नाक आक्रसून तिला उडव. हत्तीचें पिल्लूं पोटावर पाय देणार आहे, पोट घट्ट कर, गेलें, सोड. पायाची बोटें चिखलांत रुतव, आणि काढ. दाढेखालीं घट्ट गोंद चावण्याचा एक प्रकार तिनें दिला आहे. मीं तेथें गुळाची चिक्की घातली, आणि मुलांना ती अधिक पटली. कासवाचा दृष्टांत गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतही आहे, हें सुज्ञ श्रोत्यांना सांगावयास नको.

घरीं हें करावयाचें तर दोन गोष्टी पाळाव्या. एक, परीक्षेच्या सकाळीं प्रथम शिकवूं नये. खेळीमेळीच्या दिवसांत, निजण्यापूर्वीं पांच-सात मिनिटें शिकवावें, म्हणजे अडचणीच्या वेळीं तें हाताशीं असतें. दुसरी श्वासाची. पोटावर हात ठेवून श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा. श्वास सोडतांना हृदयाची गति किंचित् मंदावते, हा शरीराचा धर्मच आहे. श्वास कोंडावयास मात्र मुलांना सांगूं नये.

आणखी एक स्पष्ट बोलतों. मूल उपाशी असेल, घरीं किंवा शाळेंत मार खात असेल, तर त्यास लिंबू पिळावयास सांगणें ही क्रूर थट्टा होय. शाळेंतील मार आणि मानसिक छळ या दोहोंस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मनाई आहे. माझें तें वर्गासमोर उभें करणें आज त्या कलमाखालीं आलें असतें. आणि ज्याची झोंप, भूक, खेळ आठवडेच्या आठवडे उडालीं आहेत त्यास डॉक्टरांकडेच न्यावें.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीं मीं दुसरीच्या वर्गांत शांततेचा खेळ करून पाहिला. पहिला दिवस फसला. जुन्या संवयीनें मी म्हणालों, “पाहूं, कोण जास्त वेळ गप्प बसतो!” झालें, मुलें चढाओढीनें श्वास कोंडून लालबुंद झालीं. दुसऱ्या दिवशीं मीं कांहींच हुकूम दिला नाहीं. खिडक्या लोटल्या, स्वतः हळू बोललों, आणि ओसरीवर जाऊन हजेरीपटावरील नांवें कुजबुजूं लागलों. बेचाळीस मुलें होतीं. एकेक येऊन माझ्याजवळ भिंतीशीं उभें राहिलें. शेवटचें नांव मीं तीनदां घेतलें, तरी कोणी येईना. आंत जाऊन पाहतों तों ती मुलगी दप्तरावर डोकें ठेवून गाढ झोंपली होती. मुलें माझ्या तोंडाकडे पाहूं लागलीं, मी काय करितों म्हणून. मीं ओठांवर बोट ठेविलें, आणि आम्हीं सर्वजण घंटा होईपर्यंत ओसरीवरच बसून राहिलों.