वालचंदांची पत, फाटकांची माहिती

शाळेत आपल्याला वालचंद हिराचंद शिकवले गेले ते जिद्दीचा धडा म्हणून. सोलापूरचा माणूस, आगबोट काढली, विमानाचा कारखाना काढला. तुम्हीही मनावर घ्या! मनावर आपण सगळ्यांनीच घेतलं होतं. तरी आज बॅचचा फोटो पाहताना त्या धड्यात काहीतरी गाळलेलं वाटतं.

वालचंद 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात जन्मले. घर गुजराती जैन. व्यापार आणि सावकारी. म्हणजे पेढी होती, बाजारात पत होती. लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याकडे ती नव्हती. ते रेल्वेत कारकून होते, पण रेल्वेची कामं कशी चालतात हे त्यांना आतून ठाऊक होतं. दोघांनी भागीदारी केली आणि सुरुवातीलाच बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. तीच आपली कुर्डुवाडी-बार्शीची छोटी गाडी. फाटक भेटले नसते तर वालचंद कदाचित पेढीवरच राहिले असते. आणि वालचंद भेटले नसते तर फाटकांची सगळी माहिती फायलींत पडून राहिली असती. धड्यात फाटक नव्हते.

पुढे पहिलं महायुद्ध संपलं आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ बोट विक्रीला निघाली. मूळची ती कॅनडाची प्रवासी बोट, युद्धात तिचं रुग्णालय झालेलं. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेऊन सिंदिया कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस देश आजही सागरी दिन म्हणून पाळतो. ती बोट मात्र 1923 मध्ये भंगारात गेली, हे कुणी सांगत नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली, त्याच वर्षीच्या करारानं सिंदियाच्या जहाजांवर मर्यादा आली. तरीही कंपनी तगून राहिली. इथे मी जिद्दीला पूर्ण मार्क देते.

विमानाची गोष्ट तर निव्वळ योगायोगाची. 1939 मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांना विल्यम पॉली भेटला. चीनमध्ये विमानं जोडण्याचा कारखाना चालवणारा माणूस! दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, त्यामुळे एरवी मोटारीच्या कारखान्यालाही दाद न देणारं सरकार या वेळी ऐकायला तयार झालं. म्हैसूर संस्थानानं साथ दिली आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. 1942 मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीनं सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. ज्या युद्धानं कारखाना दिला, त्यानंच तो काढूनही घेतला.

अर्थात त्या विमानात इतर प्रवासीही होते. पॉलीशी गप्पा मारून कारखाना काढायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. पण ते विमानात होते, हेही विसरू नका.

आपल्या वर्गात गणितात माझ्यापुढे असणारी एक मुलगी होती. आई विड्या वळायची, वडिलांची गिरणी बंद पडली. दहावीनंतर ती यंत्रमागावर गेली. माझे वडील पगारदार होते, म्हणून मी इंजिनिअरिंगला गेले. फी भरायची तारीख चुकली, असं माझ्या बाबतीत कधी झालं नाही. यंदा मेळाव्याला ती येणार आहे, असं कळलंय. तिला पहिल्या ओळीत बसवा.